पहिल्या आंघोळीची रांग

"आत कोण आहे?"

सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बूट काढता काढता त्यांनी हा प्रश्न विचारला. मला वाटलं, घरात माणसं किती ह्याची चौकशी करताहेत. मी म्हटलं, "कोणी नाही, आम्ही सगळे इथेच बसलोय."

"मग पंखा कोणाला?"

आतल्या खोलीत पंखा फिरत होता, ट्यूब चालू होती आणि कोपऱ्यात चार्जर मोबाइलविना लटकत होता. सिस्टर आमच्या परवानगीची वाट न बघता आत गेल्या, तिन्ही बटणं बंद केली, बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता बोल. कुठून आलात तुम्ही?" नव्या शेजाऱ्यांची ओळख करून घ्यायची ही त्यांची रीत होती. त्या गेल्यावर आमच्या ह्यांनी दार लावलं आणि हळूच म्हणाले, "बाई डेंजर आहे." मग जाऊन त्यांनी पंखा पुन्हा लावला, पण त्या खोलीत जाऊन बसले मात्र.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरातला गळका नळ त्यांना आपल्या घरात ऐकू येतो. बहुतेकांच्या बाबतीत त्यामागे चिकटपणा असतो, आणि सिस्टरांच्या बाबतीतही आम्ही आधी तेच धरून चाललो. पण चिकट माणूस स्वतःचं वाचवतो. ह्या बाई आमचं वाचवायला निघाल्या होत्या, आणि तेही आम्हाला न विचारता.

सिस्टर म्हणजे सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. बांधा ठेंगणा, केस पांढरे, कपाळ मोकळं, साडीखाली कॅनव्हासचे बूट. जन्मभर वॉर्डातून चालल्यामुळे सात मजले त्या सहज चढायच्या. "लिफ्ट पेशंटसाठी असते," असं त्यांचं मत होतं. कोणी धडधाकट पोरगा लिफ्टसमोर उभा दिसला की त्याच्याकडे काळजीने बघत विचारायच्या, "काय होतंय रे तुला?" पोरगा मुकाट्याने जिन्याकडे वळायचा.

त्यांच्या घरात एक खराखुरा पेशंट होता. त्यांचे यजमान आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं ते मशीन विजेवर चालायचं. त्यांच्या घराबाहेरून जाताना त्याची संथ घरघर ऐकू यायची. माणूस मात्र भलताच मिश्कील. तेही बायकोला सिस्टरच म्हणायचे. "हिच्याशी लग्न केलं त्या दिवसापासून मी ॲडमिट आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर "अहो, बोलू नका, दम लागेल," हे सिस्टरांचं ठरलेलं उत्तर.

आता आमच्या बिल्डिंगविषयी थोडं सांगायला हवं. अंबरनाथ पूर्वेला पालेगावात, जिथे अगदी परवापर्यंत भाताची खाचरं होती, तिथे आमचा टॉवर उभा आहे. जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. राहायला आल्यावर कळलं की पिण्याच्याच पाण्याची मारामार आहे. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्राकडून येणारं पाणी आठवड्यातून एक दिवस बंद, शिवाय दुरुस्ती निघाली की आणखी बंद, आणि मग टँकर. विजेचीही तीच गत. बिल्डरने कागदोपत्री जेवढा लोड मंजूर करून घेतला तेवढ्यात आमचे फ्रिज आणि पंखे बसत होते, गीझर बसत नव्हते. लोड वाढवून मिळावा म्हणून सोसायटीने केलेला अर्ज अजून ह्या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतो आहे.

वर्षभर हे सगळं कसंबसं निभावायचं. दिवाळीत मात्र फजिती ठरलेली. आधी साफसफाई. सगळ्या घरांतले पडदे, गोधड्या, चादरी एकाच रविवारी धुवायला निघायच्या आणि दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी कोरडी व्हायची. मग पाहुणे यायचे. आणि मग यायची पहिली आंघोळ. पहाटे उठून अंगाला तेल-उटणं लावून सगळी बिल्डिंग एकाच वेळी गीझरचं बटण दाबायची. लाइट दोनतीनदा मंद व्हायची आणि खाली मेन फ्यूज उडायचा. लाइट गेली की मोटर बंद, मोटर बंद की पाणी बंद. पुढचे काही तास सगळी बिल्डिंग तेलकट अंगाने अंधारात बसून वायरमनला फोन करत असायची. सणाच्या पहाटे वायरमनही आंघोळच करत असणार, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही.

सगळ्यांना हे माहीत होतं, तरी दर वर्षी हेच व्हायचं. कारण प्रत्येक घराला वाटायचं, आपल्या एका गीझरने काय होतंय?

दोन वर्षांपूर्वी ह्या फजितीतली गंमत संपली. त्या पहाटे लाइट गेली तेव्हा सिस्टरांनी मशीन इन्व्हर्टरवर टाकलं. इन्व्हर्टर थोड्याच वेळात मान टाकून बसला. मग सिलिंडर लावला. वायरमन उन्हं वर आली तरी उगवला नाही, आणि सिलिंडरवरचा काटा खाली खाली येत राहिला. लिफ्ट बंद असल्यामुळे यजमानांना खाली नेऊन हॉस्पिटलात हलवायचं तर चौघांनी खुर्चीतून उचलावं लागणार होतं. तशी माणसं जमवेपर्यंत लाइट आली. मी तेव्हा सातव्या मजल्यावर होते. सिस्टर नवऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या. ते हसायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. खाली पहिल्या मजल्यावर कोणीतरी "आली, आली!" म्हणून ओरडलं आणि बाथरूमची दारं धडाधड लागली.

गेल्या वर्षी नवरात्र संपताच सिस्टरांनी मीटिंग बोलावली. त्या कमिटीत नव्हत्या, पण आमच्या चेअरमनना हे आठवायच्या आत माणसं जमली होती.

"पहिल्या आंघोळीला कोणी गीझर लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "गरम पाणी गच्चीवर मिळेल."

गच्चीवर सोलर होतं, हे खरं. परवानगी मिळावी म्हणून बिल्डरने बसवलेलं. त्याचा नळ प्रत्येक बाथरूममध्ये होता, पण तो सोडला की पाइपातलं गार पाणीच इतका वेळ यायचं की गरम येईपर्यंत दीडेक बादली मोरीत जायची. म्हणून सगळ्यांनी गीझर बसवले आणि सोलरचा कॉक बंद झाला. त्या काचांवर आता पापड आणि मिरच्या वाळत.

"वर टाकीलाच नळ बसवून घेऊ," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे गार पाणी सोडून द्यायला नको. ज्याने त्याने बादली घेऊन यायचं, भरून न्यायची. माणशी एक."

"म्हणजे रांग लावायची?" चेअरमननी विचारलं.

"लावायची."

"बादली घेऊन?"

"मग काय कपबशी घेऊन?"

लोक हसले. चेअरमन मात्र हसले नाहीत. सज्जन माणूस, एका पतपेढीत मॅनेजर. ते उभे राहिले आणि त्यांचा आवाज जरा चढला. "सिस्टर, अर्धं आयुष्य मी मुलुंडच्या चाळीत रांगेत काढलं. पहाटे उठून बादली लावायची, भांडायचं, मग शाळेत जायचं. ही जागा घेतली ती कशासाठी? माझ्या घरात माझा नळ असावा म्हणून. आता परत बादली घेऊ? यंदा माझ्या मुलीचा दिवाळसण आहे. जावयाला काय सांगू, जा वर, नंबर लाव?"

तिथे बसलेल्या बहुतेकांनी कुठली ना कुठली रांग सोडून इथे घर घेतलं होतं. मीही त्यांतलीच.

सिस्टर म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, तुमचं बरोबर आहे. पण माझ्या आज्याला लोक रांगेतसुद्धा उभं करत नव्हते. तळ्याच्या पाण्याला हात लावायला गेला, तर डोकं फोडलं त्याचं. म्हणून मला विचाराल, तर ज्या रांगेत शेवटच्या माणसालाही पाणी मिळतं, त्या रांगेत उभं राहायला मला लाज वाटत नाही."

चेअरमन खाली बसले.

"आणि एक सांगते. तुमच्या आंघोळीला उशीर झाला तर चालतं. आमच्या ह्यांच्या श्वासाला उशीर चालत नाही."

हात वर झाले. फक्त सहाव्या मजल्यावरचे आमचे सिंधी शेजारी साईं चुळबुळत होते. उल्हासनगरात त्यांचं जीन्सच्या कापडाचं दुकान आहे आणि दिवाळीत त्यांची गॅलरी एखाद्या लग्नाच्या हॉलसारखी उजळते. "सिस्टर, गीझर ठीक आहे. पण मेरी लाइटिंग? दिवाली है, लक्ष्मी आएगी, अंधेरे में कैसे आएगी?"

"लक्ष्मी को रस्ता दिखाने के लिए एक कंदील बस है, साईं. बाकी के बल्ब पड़ोसी को दिखाने के लिए हैं."

सगळ्यात मोठ्याने साईं हसले. त्या वर्षी त्यांच्या गॅलरीत एकच कंदील लागला, पण तो एवढा मोठा होता की आत लहान मूल बसलं असतं.

मग सिस्टरांनी आम्हाला कामाला लावलं. साफसफाईचे दिवस त्यांनी मजल्यांत वाटून दिले. आज पहिला-दुसरा मजला, उद्या तिसरा-चौथा. पडदे खळबळून उरलेलं पाणी कोणी मोरीत ओतायचं नाही, गच्चीवरच्या पिंपात आणून टाकायचं. त्या पाण्याने आम्ही सोलरच्या काचा धुतल्या. आनंदनगरच्या कारखान्यांकडून येणारी पांढरी-पिवळी भुकटी त्यांच्यावर वर्षानुवर्षं साचली होती. मी शाळेत मराठी शिकवते, सोलरची काच कशी पुसतात ते मला ठाऊक असायचं कारण नाही. पण सिस्टर मागे उभ्या राहून म्हणायच्या, "आडवी नाही, उभी पूस. पेशंटची पाठ पुसल्यासारखी." मी आयुष्यात पेशंटची पाठ पुसलेली नव्हती, तरी पुसत राहिले.

प्लंबरने टाकीला नळ बसवला. तो पहिल्यांदा सोडला तेव्हा तांबूस, गंजकं पाणी आलं आणि आमचे चेहरे पडले. सिस्टर वाहू देत राहिल्या, अर्थात खाली पिंप ठेवून. थोड्या वेळाने पाणी निवळलं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं त्यांनी कोपर त्या धारेखाली धरलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"भाजलं!" त्या ओरडल्या. "अगं, भाजलं!"

कोपर भाजल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पहिल्या आंघोळीची पहाट उजाडायच्या आत जिन्यात गर्दी झाली. सगळ्या मजल्यांवर पणत्या होत्या. उटण्याचा आणि तेलाचा वास जिनाभर दरवळत होता. बायका गाऊनवर ओढण्या घेऊन, पुरुष टॉवेल गळ्यात टाकून, हातात निळ्या-हिरव्या बादल्या. सुरुवातीला सगळे जरा ओशाळले होते. मग कोणीतरी चाळीतल्यासारखी आरोळी ठोकली, "ओ, मध्ये घुसू नका, माझा नंबर आहे!" आणि त्या आरोळीने सगळं अवघडलेपण उतरलं. लोक एकमेकांच्या तेलकट तोंडांना हसायला लागले. एवढी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून आम्ही एकमेकांना इतकं जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

गच्चीच्या दारात टाकीशी चेअरमनचे जावई उभे होते. बदलापूरच्या बाजूच्या शेतकरी घरातला उंच, काळासावळा मुलगा. सासरी पहिल्या दिवाळीला आलेला, आणि कोणी न सांगता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नळावर उभा राहिला होता. "आणा काकू, मी भरतो. घरी बंबाचं पाणी मीच काढतो सगल्यांना," असं म्हणत तो एकेकाची बादली भरून देत होता. चेअरमन दोन पायऱ्या खाली उभे राहून त्याच्याकडे बघत होते. त्यांना अभिमान वाटत होता की संकोच, ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

गच्चीवर जायचं तर सातव्या मजल्यावरून जावं लागतं, आणि तिथे सिस्टरांच्या उघड्या दारात खुर्ची टाकून त्यांचे यजमान बसले होते. शाल पांघरलेली, नाकात नळी, मागे मशीनची घरघर.

"या, या," ते प्रत्येकाला म्हणत होते. "दर्शन घ्या आणि वर जा. नैवेद्याला चकली चालेल."

"तुमच्यात दिवाळी असते का हो?" कोणीतरी विचारलं.

"दिवाळी तुमची, फराळ आमचा. वाटणी जुनी आहे."

त्यांना तिथे सिस्टरांनी मुद्दाम बसवलं होतं की त्यांनीच हट्ट धरला होता, हे मला आजही माहीत नाही.

रांग अर्धी सरली असेल. अचानक जिन्यातले दिवे मंद झाले. पुन्हा नीट झाले. पुन्हा मंद झाले. तो मंदपणा आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. मशीनची घरघर खोल गेली आणि त्यातून पीं पीं असा बारीक, चिरका आवाज यायला लागला.

वरपासून खालपर्यंत सगळी रांग जागच्या जागी थांबली. त्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. सिस्टर दारात आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिलिंडर पुढे ओढला, एक हात त्याच्या चावीवर ठेवला आणि दुसरा नवऱ्याच्या मनगटावर. ते मात्र आमच्याकडे बघत होते, हसत नव्हते.

सगळ्यांत आधी चेअरमन हलले. बादली तिथेच ठेवून ते तडक खाली निघाले. त्यांच्या मागे साईं निघाले. मग चौथ्या मजल्यावरच्या जोशीबाई निघाल्या. मग मी बघते तर आमचे हेही पायऱ्या उतरायला लागलेले.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं.

"जरा... पाण्याचं बघून येतो."

आमच्या घरात माझे दीर पाहुणे म्हणून उतरले होते, आणि त्यांना सर्दी होती. चेअरमनकडे विहीणबाई आल्या होत्या. साईंकडे मेव्हणा होता. प्रत्येक घरात असं कोणीतरी एक होतं की ज्याला गच्चीवर पाठवणं बरं दिसलं नसतं, आणि प्रत्येक घराने त्या एकासाठी एकच गीझर गुपचूप लावून ठेवला होता. एका गीझरने काय होतंय?

खाली एकामागून एक दारं उघडल्याचे आवाज आले, आणि मग गीझरची बटणं. टक्. टक्. टक्. जिन्यात उभं राहून आम्ही ते ऐकत होतो. दिवे एकदा थरथरले आणि मग हळूहळू उजळले. पीं पीं थांबलं. मशीनने आपली जुनी घरघर पुन्हा धरली.

माणसं परत आली आणि आपापल्या बादलीशी उभी राहिली. कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. सिस्टरांनी सिलिंडरवरचा हात काढला.

"झालं?" त्या म्हणाल्या. "मग थांबलात कशाला? पुढे सरका. पाणी गार होतंय."

ह्यापलीकडे त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्या दिवशी आमच्या बिल्डिंगची लाइट गेली नाही. तुम्हाला ह्यात विशेष काही वाटणार नाही, पण आम्ही इथे राहायला आल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. उन्हं वर आली तेव्हा प्रत्येक घरातला माणूस न्हालेला होता, विहीणबाई आणि मेव्हणासुद्धा गच्चीवरच्याच पाण्याने. खालची टाकी निम्मी भरलेली होती. गेटवर टँकर उभा नव्हता. मुलं फटाके विसरून गच्चीवर नाचत होती, आणि साईं सगळ्यांना पेढे वाटत होते, जणू निवडणूक जिंकली होती.

सगळ्यांचं झाल्यावर टाकीत अजून गरम पाणी होतं. चेअरमननी स्वतःच्या हाताने एक बादली भरली आणि सिस्टरांच्या दारात आणून ठेवली. "ही ह्यांची," ते म्हणाले. मग खिशातून एक कारीट काढून त्यांनी खुर्चीपुढे ठेवलं. पहिल्या आंघोळीला पायाच्या अंगठ्याने हे कडू फळ फोडतात, कोकणातली रीत आहे.

"आमच्यात नसतं हे, चेअरमनसाहेब," सिस्टर म्हणाल्या.

"अरे, आंघोळ तो होती है ना?" साईं म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर केल्या.

साईंनी यजमानांच्या पाठीला उटणं लावलं, चेअरमननी पाणी घातलं आणि जावयाने नळी ओली होऊ नये म्हणून ती उंच धरली. कारीट काही त्यांना अंगठ्याने फुटेना. मग त्यांनी टाचेने दाबलं, ते फुटलं, आणि ते धापा टाकत म्हणाले, "सिस्टर, डिस्चार्ज कागद फाडून टाक. मी इथेच बरा आहे."

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. ओट्याला टेकून त्या रडत होत्या. मला बघून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उटण्याची पूड गेली डोळ्यांत." मलाही रडू येत होतं.

थंडी संपता संपता सिस्टरांचे यजमान गेले. दुपारची वेळ होती, झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा सिस्टरांचा चेहरा शांत होता. "लाइट होती," त्या म्हणाल्या. "मशीन चालू होतं. त्यांची वेळ आली म्हणून गेले गं. फ्यूज उडाला म्हणून नाही गेले." हे त्यांनी ताठ मानेने सांगितलं. आपल्या वॉर्डात हलगर्जीपणाने कोणी गेला नाही, हे सांगताना नर्सची मान जशी ताठ होत असेल, तशी.

मे महिन्यात त्या मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. मशीन एका गरजू माणसाला दिलं. जागा भाड्याने गेली, तिथे एक तरुण जोडपं आलं.

यंदा दिवाळीआधी मीटिंग झाली तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो तोंडातून कोणी काढत नव्हतं. शेवटी आमच्या ह्यांनी काढला. "आता तसं... वर मशीन नाहीये. म्हणजे गीझर लावायला हरकत नाही, नाही का?"

चेअरमननी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "रांग लागेल," ते म्हणाले. "माणशी एक बादली. माझा जावई नळावर असेल, त्याने आधीच फोन करून सांगितलंय." मीटिंग तिथेच संपली.

पहाटे मी गच्चीवर होते. आमचा टॉवर वरपासून खालपर्यंत उजळलेला, दिवा एकदाही मिचकावला नाही. नाकासमोरच्या नव्या टॉवरचे दिवे मात्र मंद झाले, उजळले, पुन्हा मंद झाले, आणि सगळा टॉवर एकदम काळा पडला. तिकडून आरडाओरडा ऐकू आला. आमच्या गच्चीवर टाळ्या आणि शिट्ट्या वाजल्या. साईं बादली डोक्यावर घेऊन नाचले. मला राहवेना, मी तिथूनच सिस्टरांना फोन लावला.

"सिस्टर, आपली लाइट गेली नाही!"

"पाणी गरम आलं?"

"भाजतंय."

"सगळे आले वर?"

"सगळे. माझे दीरसुद्धा." त्या हसल्या. मला इतका आनंद झाला होता की मी बोलतच सुटले. "आणि समोरचा नवा टॉवर बघायला हवा होतात तुम्ही. सगळा काळोखात गेला. आमची मुलं इथे शिट्ट्या मारून मारून..."

सिस्टरांनी मला मध्येच तोडलं.

"तिथे कोणी मशीनवर आहे का गं?"

मी समोरच्या काळ्या खिडक्यांकडे बघितलं.

"विचारलंत का कोणी?" सिस्टर म्हणाल्या. "वरचे मजले आधी बघा. लिफ्ट बंद असेल."

मी फोन कानाला तसाच ठेवून त्यांचा प्रश्न मोठ्याने सांगितला. गच्चीवरच्या शिट्ट्या थांबल्या. चेअरमनच्या तोंडाला अजून उटणं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं, टॉर्च उचलला आणि जिन्याकडे वळले. जावयाने नळ घट्ट बंद केला आणि साईंना म्हणाला, "काका, तुमचा इन्व्हर्टर काढा. एका बाजूने मी धरतो." साईंनी डोक्यावरची बादली खाली ठेवली आणि ते त्याच्या मागे धावले.

"निघालो, सिस्टर," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरायला लागले.